दुकानाची दर्शनी बाजू, रात्र आणि कथालेखक

कथा-कादंबरी लिहू पाहणारे अनेक जण हल्ली मोबाइलमध्ये रात्रीच्या बाजाराचे फोटो साठवून ठेवतात. काचेमागचे साडी नेसवलेले पुतळे, सोनाराच्या शोकेसमधल्या दागिने काढून घेतलेल्या मखमली माना, मिठाईच्या थाळ्यांवर पडलेला पांढरा झगझगीत उजेड. हे फोटो पाहताना काहीतरी सुचेल असं वाटत राहतं आणि बहुतेक वेळा काहीच सुचत नाही. दोष फोटोचा नसतो, तो आपण कशासाठी काढला याचा असतो. वातावरण मिळावं म्हणून काढलेल्या फोटोतून वातावरण मिळतं, पण वातावरणाने गोष्ट पुढे सरकत नाही. दुकानाची दर्शनी बाजू ही कुणीतरी घेतलेल्या निर्णयांची मांडणी असते. काय पुढे ठेवायचं, काय मागच्या फळीवर ढकलायचं, दिवा कशावर पडू द्यायचा, किंमत लिहायची की गिऱ्हाइकाला विचारायला लावायची, ‘उधार बंद’ची पाटी नेमकी कुणाच्या नजरेसमोर टांगायची. रात्री गिऱ्हाईक पांगतं, मालकही घरी जातो आणि हे निर्णय तेवढे उजेडात मागे राहतात. लेखकाने फोटो काढायचा तो या निर्णयांचा. फोटोकडे पुरावा म्हणून पाहिलं तर त्यातून माणूस सापडतो, आणि माणूस सापडला की कथेला सुरुवात करता येते.

ही दृष्टी नवी नाही. पॅरिसचा छायाचित्रकार युजीन आत्जे आपल्या छायाचित्रांना ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ म्हणत असे आणि चित्रकारांना संदर्भ म्हणून ती विकून पोट भरत असे. १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेट्स आणि अवजड कॅमेरा घेऊन त्याने जुन्या पॅरिसमधल्या दुकानांच्या दर्शनी बाजू टिपल्या. बुलव्हार द स्त्रासबूरवरच्या कॉर्सेटच्या दुकानाचं छायाचित्र १९१२चं, तर गोब्लँ रस्त्यावरच्या पुतळ्यांच्या शोकेसची छायाचित्रं १९२५ची आहेत. जर्मन समीक्षक वॉल्टर बेन्यामिनने १९३१च्या निबंधात आत्जेच्या रिकाम्या रस्त्यांची तुलना गुन्ह्याच्या जागेशी केली जाते याकडे लक्ष वेधलं. गुन्ह्याच्या जागेवर माणसं नसतात, त्यांनी मागे ठेवलेल्या खुणा असतात. कादंबरीकाराचं कामही असंच चालतं. एमिल झोलाने १८८३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओ बोनर दे दाम’ या कादंबरीसाठी पॅरिसच्या मोठ्या दुकानांत प्रत्यक्ष फिरून टिपणं काढली होती. त्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात लहान गावातून आलेली देनीझ याच नावाच्या मोठ्या दुकानाच्या शोकेससमोर खिळून उभी राहते, आणि समोरच तिच्या काकांचं काळोखं, जुनं कापडाचं दुकान असतं. एका रस्त्याच्या दोन बाजूंना उजेडाचं वाटप कसं झालं आहे, एवढ्यावरून पुढच्या सगळ्या संघर्षाची दिशा वाचकाला कळते. झोलाने इथे उजेडाची शोभा वर्णन केलेली नाही, उजेड कुणाला परवडतो ते दाखवलं आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे सगळं पॅरिसचं, फार तर पुण्याच्या लक्ष्मी रोडचं किंवा दादरच्या रानडे रोडचं. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, अणशीसारख्या जंगलातल्या गावात दर्शनी काचा आहेत कुठे? आक्षेपातली माहिती खरी आहे. अणशी कारवार-जोयडा रस्त्यावर, कद्र्याहून घाट चढून आल्यावर लागतं. भोवतालचं जंगल १९८७ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २००७मध्ये दांडेली अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्पात आलं आणि २०१५पासून ते काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखलं जातं. अशा ठिकाणी पुतळे उभे केलेली शोकेस शोधणं व्यर्थ आहे. पण दर्शनी बाजू काचेनेच बनते हा समज चुकीचा आहे. छोट्या किराणा दुकानाची उघडी फळी, दारावर लोंबणाऱ्या शाम्पूच्या पुड्यांच्या लडी, बिस्किटांच्या बरण्या, खिळ्याला अडकवलेली प्लास्टिकची चप्पल, छपराखालचा एक बल्ब ही दर्शनी बाजूच आहे. शिकणाऱ्याला ती शहरातल्या काचेपेक्षा अधिक उपयोगी पडते. शहरातल्या साखळी दुकानाची मांडणी बहुतेक वेळा दूरच्या कार्यालयात ठरलेली असते, आणि तिच्यामागचा माणूस शोधायला गेलं तर एखादा विभाग हाती लागतो. खेड्यातल्या दुकानात मात्र फळीवर आलेली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी ओळखीच्या गरजेमुळे आलेली असते. पावसाळ्याच्या तोंडावर ताडपत्री आणि घोंगडी पुढे येतात, शाळा उघडताना वह्या, चतुर्थीला सजावटीचं सामान. जोयडा तालुक्यातला कुणबी समाज कंदांच्या शेतीसाठी ओळखला जातो आणि जोयड्यात कंदांचा मेळावाही भरतो. फळीवर विकायला कंद दिसले आणि शेजारीच बटाट्याच्या वेफर्सची पाकिटं टांगलेली असली, तर एका घरातल्या दोन पिढ्या त्या चौकटीत आलेल्या असतात.

अशा ठिकाणी फोटो काढायला जाणाऱ्याने दोन गोष्टी आधीच ठरवाव्यात. पहिली सुरक्षिततेची. अणशीच्या आसपासचा रस्ता वन्यप्राण्यांच्या वावराचा आहे. वस्ती सोडून रात्री पायी भटकू नये, गाडी घाटात थांबवू नये आणि वन खात्याचे नियम पाळावेत. इथलं काम वस्तीतल्या उजेडापुरतंच असावं. दुसरी गोष्ट वेळेची. खेड्यातली दुकानं शहरापेक्षा फार लवकर बंद होतात, त्यामुळे ‘रात्र’ या शब्दाचा अर्थ इथे संध्याकाळनंतरचा थोडा वेळ असा घ्यावा. सूर्य मावळल्यावर आकाशात निळसर उजेड उरतो ती वेळ सर्वांत चांगली, कारण तेव्हा दुकानातला दिवा आणि बाहेरचं छप्पर, झाडं, रस्ता असं दोन्ही एकाच फोटोत येतं. आपल्या अक्षांशावर हा अवधी जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा असतो, तेव्हा जागा आणि कोन दिवसाच निवडून ठेवावा. आधी मालकाशी बोलावं, चहा किंवा काही सामान घ्यावं आणि फोटो कशासाठी हवा ते साध्या शब्दांत सांगावं. ज्यांना काचेच्या शोकेसचाच सराव करायचा आहे त्यांना खाली कारवारची बाजारपेठ आहे, वर दांडेली आहे, आणि जरा लांब गेलं तर बेळगावचे खडेबाजार, गणपत गल्ली किंवा गोव्यातलं मडगाव आहे. मात्र शहरात जाण्याआधी एका खेड्यातल्या दुकानाचा फोटो नीट वाचून पाहावा. तिथे वस्तू कमी असतात, म्हणून एकही नजरेआड करता येत नाही.

तंत्राची बाजू सोपी आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर पुरावाच खोटा ठरतो. उजळलेलं दुकान आणि भोवतालचा काळोख यांच्यात इतकं अंतर असतं की कॅमेरा आपल्या मनाने काळोख उजळायला जातो आणि दुकानातल्या वस्तू पांढऱ्याफटक होऊन जातात. म्हणून मोबाइलवर सर्वांत उजळ भागाला बोट लावून उजेड खाली ओढावा, कॅमेऱ्यावर एक ते दोन स्टॉप कमी ठेवावा. काळोखातला थोडा तपशील गेला तरी चालेल, लेबलं आणि किमती वाचता आल्या पाहिजेत. फ्लॅश वापरू नये. तो काचेवर आपटून परत येतो आणि मालकाने ठरवलेली उजेडाची मांडणी पुसून टाकतो. रंगांसाठी व्हाइट बॅलन्स आपोआप ठरू न देता ‘दिवसाचा उजेड’ या स्थितीवर कायम ठेवावा, म्हणजे पिवळा बल्ब पिवळाच राहील आणि एलईडी निळसर पांढराच दिसेल. दोन शेजारी दुकानांतला हा फरक कथेच्या कामाचा असतो. एलईडीखाली फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील तर शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवावा. आपल्याकडचा वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, आणि या वेगांशी ते जुळतं. हात हलू नये म्हणून खांबाला किंवा भिंतीला टेकावं. मोबाइलमधला नाइट मोड अनेक फोटो एकत्र करून एक बनवतो. त्यात हलणारी माणसं पुसट होतात, कधी नाहीशीही होतात. तो वापरला तर एक फोटो साध्या पद्धतीनेही काढून ठेवावा, नाहीतर नंतर आपण रिकाम्या रस्त्यावर विसंबून एक खोटी एकाकी रात्र लिहून बसू.

काचेवर पडणारं प्रतिबिंब टाळायचं असेल तर लेन्सभोवती रबरी कडं किंवा काळं कापड लावून कॅमेरा मालकाच्या परवानगीने काचेला टेकवावा. पोलरायझर फिल्टर वापरायचा तर काचेशी साधारण ३५ अंशांचा कोन करून उभं राहावं. समोरासमोर उभं राहिलं तर त्याचा उपयोग नाही, शिवाय तो उजेड निम्म्याहून कमी करतो. पण प्रतिबिंब नेहमीच काढून टाकावं असंही नाही. वि. गे. झेबाल्ट यांची ‘आउस्टरलित्स’ ही कादंबरी २००१ साली आली. तिच्यात मजकुरामध्ये छायाचित्रं आहेत, आणि त्यांत तेरेझीन या गावातल्या बंद जुन्या सामानाच्या दुकानाची दर्शनी काच आहे. हे गाव म्हणजे नाझींच्या काळातली यहुद्यांची बंदिस्त वसाहत. काचेमागे चिनी मातीच्या मूर्ती, पेंढा भरलेली खार अशा कुणाच्या तरी घरातून आलेल्या वस्तू आहेत, आणि नायकाला त्या वस्तूंमध्ये स्वतःची पुसट सावली काचेवर दिसते. ती सावली काढून टाकली असती तर ती फक्त जुन्या वस्तूंची यादी उरली असती. पाहणारा कोण आहे आणि त्या वस्तूंशी त्याचं काय नातं आहे, हा प्रश्न त्या सावलीमुळे उभा राहतो. म्हणून शक्य तिथे एक फोटो प्रतिबिंबासह आणि एक प्रतिबिंबाशिवाय काढावा. पहिला निवेदकाचा, दुसरा दुकानदाराचा.

एका दुकानाचे तीन फोटो पुरतात. पहिला रस्त्यापलीकडून, शेजारची दुकानं आणि वर राहणाऱ्यांच्या खिडक्या दिसतील असा. दुसरा समोरून, संपूर्ण दर्शनी बाजूचा. तिसरा एका तपशिलाचा, म्हणजे जी वस्तू तिथे का आहे ते चटकन कळत नाही तिचा. लगेच वहीत तारीख, वेळ, वार, सण जवळ आहे का, पाऊस आहे का, वीज आहे का एवढं लिहावं. वास आणि आवाज फोटोत येत नाहीत, ते त्याच वेळी टिपून ठेवावेत. विजेची नोंद अणशी-जोयड्याच्या भागात विशेष महत्त्वाची आहे. काळी नदीवर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा ही धरणं आहेत, नागझरीचं वीजघर आहे आणि याच नदीकाठी कैग्याला २२० मेगावॉटच्या चार संचांचा अणुवीज प्रकल्प आहे. या खोऱ्यात तयार होणारी वीज दूरची शहरं उजळते. अशा प्रदेशात एखाद्या दुकानाच्या फोटोत इमर्जन्सी दिवा किंवा मेणबत्ती दिसली तर ती नुसती सुंदर चौकट राहत नाही. वीज कुठे तयार होते आणि ती आधी कुठे पोचते, हा प्रश्न त्या फोटोत येतो, आणि तो विचारणारं एखादं पात्र तुमच्या कथेत उभं राहू शकतं.

फोटो वाचताना काळाच्या खुणांकडे प्रथम पाहावं, कारण कथेतली सर्वांत लाजिरवाणी चूक काळाची असते. गल्ल्याजवळ क्यूआर कोडचा स्टिकर दिसतो तो २०१६मध्ये यूपीआय आल्यानंतरचा काळ. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर १ जुलै २०१७ नंतरचा. ‘मास्कशिवाय प्रवेश नाही’ ही अर्धवट खरवडलेली पाटी २०२०च्या साथीची. पिवळी एसटीडी-पीसीओची पाटी अजून भिंतीवर असेल तर ते दुकान नव्वदीच्या दशकापासून चालू असण्याची शक्यता आहे, आणि मालकाला ती काढावीशी का वाटली नाही हा कथेचा प्रश्न आहे. मग पाट्यांची भाषा पाहावी. कर्नाटकात २०२४च्या दुरुस्तीनंतर पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीने सर्व दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली. त्यामुळे वरची पाटी कायद्याची भाषा सांगते. आत हाताने लिहिलेली पाटी, कॅलेंडर, देवाच्या फोटोखालची ओळ ही घराची भाषा सांगते. सीमाभागात या दोन भाषा पुष्कळदा वेगळ्या असतात, आणि त्यांच्यामधल्या जागेत राहणारी माणसं मराठी कथेत अजून पुरेशी आलेली नाहीत.

यानंतर फोटोला प्रश्न विचारावेत. सगळ्यांत पुढे ठेवलेली वस्तू खरोखर सगळ्यांत जास्त विकली जाते, की विकली जात नाही म्हणून पुढे आहे? कोणत्या वस्तूवर धूळ आहे आणि ती काढून का टाकलेली नाही? मालकाच्या हाताला येईल असं काय ठेवलं आहे आणि मुलांच्या हाताला येऊ नये असं काय? शेजारचं दुकान बंद असेल तर आजच्यापुरतं की कायमचं? व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून स्वेच्छेने पुनर्वसन होत असलेल्या जोयडा तालुक्यात या शेवटच्या प्रश्नाला वजन आहे. प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरं लिहावीत, एक संभाव्य आणि एक अनपेक्षित. अनपेक्षित उत्तर फोटोतल्या आणखी दोन तपशिलांशी जुळत असेल तर ते कथेच्या कामाचं, जुळत नसेल तर सोडून द्यावं. लिहायला बसताना फोटो समोर ठेवू नये. आधी आठवणीतून पहिला खर्डा लिहावा आणि मग फोटो उघडून तपासावा. आठवणीने जे वगळलं ते बहुतेक अनावश्यक असतं, आणि आठवणीने जे बदललं तिथे तुमची कल्पना काम करत असते.

इथे दुसरा, अधिक गंभीर आक्षेप उभा राहतो. नजर असेल तर कॅमेरा कशाला? कवी अरुण कोलटकर मुंबईच्या काळा घोडा चौकातल्या वेसाइड इनमध्ये बसून तो चौक न्याहाळत असत, आणि त्यातून ‘काळा घोडा पोएम्स’ हा २००४चा इंग्रजी कवितासंग्रह आला. त्यासाठी फोटोंची फाइल लागली नाही. हे मान्यच आहे. पण कोलटकरांनी त्या एका चौकाला वर्षानुवर्षं दिली. ज्याला इतका काळ एका जागी बसता येतं त्याने जरूर बसावं, त्याला या लेखाची गरज नाही. बाकीचे लोक बाजारातून एकदा जातात आणि स्मरणशक्ती त्यांना ठरावीक चित्र देते: पिवळा दिवा, एकटा माणूस, बंद शटर. फोटो या ठरावीक चित्राला अडवतो. त्यात लेखकाने मागितलेली नसलेली वस्तू येते, आणि तीच त्याला सोप्या वाटेवरून बाजूला काढते. शिवाय बाजार कायमचा नसतो. सुपा हे जोयडा तालुक्याचं जुनं ठाणं धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि ठाणं जोयड्याला आलं. सुप्याच्या बाजारपेठेतली फळी कशी लागत असे हे आज कादंबरीत आणायचं तर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींखेरीज फारसा आधार नाही. आज काढलेला साधा फोटो उद्याच्या लेखकासाठीही असतो.

तिसरा आक्षेप नीतीचा आहे आणि तो टाळता येत नाही. दुकानदाराच्या नकळत त्याची दर्शनी बाजू टिपून तिच्यावर आपली गोष्ट लादणं हे घेणं आहे, देणं नाही. त्यावर उपाय आहेत आणि ते काटेकोर पाळावेत. गिऱ्हाइकांचे चेहरे, विशेषतः औषधाच्या, दारूच्या आणि गहाणवटीच्या दुकानासमोरचे, फोटोत घेऊ नयेत. नकार मिळाला तर वाद न घालता निघावं. कथेत दुकानाचं नाव, जागा आणि ओळख पटेल अशी खूण बदलावी, मग कथेतला दुकानदार चांगला असो की वाईट. आणि दिवसा त्याच दुकानात परत जावं, कारण फोटो फक्त गिऱ्हाइकाच्या बाजूचा असतो. गल्ल्यामागून जग कसं दिसतं ते फोटोत नसतं. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले, आणि त्यांच्या लेखनातल्या कष्टकऱ्यांना जो अस्सलपणा आहे तो गिऱ्हाइकाच्या बाजूने उभं राहून आलेला नाही. आपल्याला गिरणी चालवता येणार नाही, पण दळण होईपर्यंत बाकावर बसता येतं, ऐकता येतं. फोटोने उभा केलेला अंदाज तिथे खोडला जातो किंवा पक्का होतो.

तेव्हा सुरुवात जवळच्या दुकानापासून करा. मालकाला विचारा, उजेड जपून तीन फोटो काढा, त्याच रात्री टिपण लिहा आणि कथेत तेवढीच वस्तू ठेवा जिचं तिथे असण्याचं कारण तुम्ही सांगू शकता. जिचं कारण सांगता येत नाही ती कितीही देखणी असली तरी वगळा. हा एक नियम पाळला तर अणशीच्या एका बल्बाखालची फळीही तुमच्या कथेला पुरेल. तो पाळला नाही, तर लक्ष्मी रोडची सगळी रोषणाईही पुरणार नाही.